देवाला माणूस कशाला लागतो? ख्रिस्ती श्रद्धेतला जगण्याचा उद्देश, सोप्या भाषेत

परवा ऑफिसमधला एक मित्र त्याच्या शाळेतल्या दोस्ताच्या वडिलांच्या फ्युनरलला जाऊन आला. चर्चमधे आयुष्यात पहिल्यांदाच गेलेला. दुसऱ्या दिवशी माझ्या डेस्कपाशी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, तू चर्चला जातोस ना, मग मला सांग, तिथे पास्टर म्हणाले की माणूस देवाचा गौरव करायला जन्माला येतो, ठीक आहे, पण दोन गोष्टी डोक्यात शिरत नाहीयेत. एक, एवढं विश्व बनवणाऱ्याला आपल्याकडून कौतुक कशाला पाहिजे, त्याला काय फॅन क्लब हवाय का? आणि दुसरं, ते काका शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होते, पोराचं नावसुद्धा आठवत नव्हतं त्यांना. मग चार वर्षं ते कोणाचा गौरव करत होते रे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला साधारण देता आलं. दुसऱ्याला मी गप्प बसलो. मग घरी येऊन डोक्यात तेच फिरत राहिलं म्हणून हे लिहायला घेतलं. मी पास्टर नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही, तेव्हा अवघड शब्द आलेच तर एकदा सांगून सोडून देईन.

आधी ती ओळ पूर्ण वाचू

पास्टर जे म्हणाले ते त्यांचं स्वतःचं नाही, जुनं आहे. १६४७ मधे लंडनला वेस्टमिन्स्टरमधे जमलेल्या प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी शिकवण्यासाठी एक छोटी प्रश्नोत्तरी तयार केली, १०७ प्रश्नांची. अशा प्रश्नोत्तरीला कॅटेकिझम म्हणतात. त्यातला पहिलाच प्रश्न, माणसाचा मुख्य उद्देश काय? उत्तर एका ओळीचं: देवाचा गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद करणं.

गंमत अशी की लोक पहिला अर्धा भाग ऐकतात आणि दुसरा विसरतात, आणि फ्युनरलला बोलताना बऱ्याचदा तो गाळलाही जातो. आनंद करणं! तेही नियमांबाबत भलते कडक म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्युरिटन लोकांच्या वर्तुळातून आलेलं. आणि नीट बघितलं तर प्रश्नात "उद्देश" एकवचनी आहे, उत्तरात मात्र दोन क्रिया आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यांच्या मते त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

कॅथलिक मुलांना पिढ्यान्‌पिढ्या हेच जरा वेगळ्या शब्दांत शिकवलं गेलं, की देवाला ओळखायचं, त्याच्यावर प्रेम करायचं, त्याची सेवा करायची आणि पुढे त्याच्यासोबत कायमचं सुखी व्हायचं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी म्हणतात की माणसानं देवाच्या जीवनात सहभागी व्हायचं. तिघांचे भर वेगवेगळे आहेत आणि त्यावरून भांडणंही पुष्कळ झालीत, पण एक गोष्ट तिन्हीकडे सारखी आहे. उद्देश म्हटल्यावर आपल्याला एखादं काम डोळ्यांसमोर येतं, इथे समोर कुणीतरी आहे.

गौरव म्हणजे टाळ्या नाहीत

बायबलचा जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचा भाग, जवळपास सगळा हिब्रू भाषेत आहे आणि तिथे गौरवासाठी शब्द येतो कावोद. त्याचं मूळ "जड असणं" या अर्थाचं आहे. आता आपला शब्द बघा, गौरव आला गुरू वरून, आणि गुरू म्हणजेही जड. लघु-गुरू मधला गुरू. दोन भाषांचा एकमेकींशी संबंध नाही आणि दोघींना आदर म्हटल्यावर वजनच सुचलं. आपण अजूनही म्हणतोच की, घरात त्यांच्या शब्दाला वजन आहे.

तर देवाचा गौरव करणं म्हणजे रोज उठून देवा तू भारी आहेस असं म्हणत बसणं नाही (गाणी, प्रार्थना हा त्याचा एक भाग आहे, पण एकच भाग). माझ्या जगण्यात त्याच्या शब्दाला त्याचं खरं वजन देणं, असा तो अर्थ आहे. वजन आपण सगळेच कशाला तरी देत असतो. पोर समोर उभं राहून काहीतरी सांगत असतं, तेवढ्यात फोन वाजतो आणि आपली मान फोनकडे वळते, झालं, कोणाचं वजन किती ते त्या एका सेकंदात कळलं, पोरालाही कळतं. ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं असं की माणसाचं बरंचसं बिघडतं ते या तराजूत. पैसा, पोस्ट, लोक काय म्हणतील, या गोष्टी वाईट नाहीत पण देवाच्या जागी ठेवल्या की त्या माणसाला चेपतात.

तरीपण त्याला गरज काय?

गरज नाहीच. हे बायबलच सांगतं. अथेन्समधे येशूचा प्रेषित पौल ग्रीक लोकांपुढे बोलायला उभा राहतो (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७) तेव्हा तो स्पष्ट म्हणतो की देवाला काही उणं आहे म्हणून माणसाच्या हातून सेवा करून घ्यावी लागते असं नाही, उलट सगळ्यांना जीवन आणि श्वास तोच देतो.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. मराठीत आपण "लागतो" आणि "हवा असतो" असं वेगवेगळं म्हणतो ते फार कामाचं आहे. गाडीला पेट्रोल लागतं. घरात मूल हवं असतं. देवाला माणूस लागत नाही, देवाला माणूस हवा आहे.

माझी भाची पाच वर्षांची आहे. तिचा बाबा रविवारी स्कूटर धुतो तेव्हा तिला हातात एक फडकं देतो, ती मडगार्डचा एक वीतभर तुकडा घासत बसते, तोच तोच, बादली एकदा तरी लवंडते, फ्रॉक भिजतो, आणि जे काम वीस मिनिटांत व्हायचं त्याला तास लागतो. तिच्याशिवाय स्कूटर जास्त स्वच्छ निघाली असती. पण नंतर घरात येऊन ती सगळ्यांना सांगते, आम्ही गाडी धुतली. आम्ही! आणि तिचा बाबा मान डोलावतो, कारण त्याच्यापुरता सगळा कार्यक्रम त्या "आम्ही" साठीच होता.

बायबलच्या पहिल्या पानांवर

जुन्या जगात उद्देशाबद्दल वेगळ्या गोष्टी फिरत होत्या. बॅबिलोनच्या निर्मितीकथेत देवांची मेहनत वाचावी म्हणून माणूस घडवला जातो, सरळ सरळ लेबर. आणि त्या भागात "देवाची प्रतिमा" हा मान असायचा राजाला. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पहिल्या अध्यायात हे दोन्ही उलटं होतं. देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, नर आणि नारी, म्हणजे राजाच नाही, प्रत्येक जण, बाईसुद्धा. आज वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही पण त्या काळी हे बोलणं चांगलंच धाडसाचं होतं.

दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवलंय, तिची मशागत करायला आणि राखण करायला. हे तिसऱ्या अध्यायातल्या आज्ञाभंगाच्या (मना केलेलं फळ खाण्याच्या) आधी येतं. म्हणजे काम ही शिक्षा नाही (कामातले काटेकुटे आणि घाम नंतर येतो). बरेच ख्रिस्ती लोकसुद्धा हे उलटं धरून चालतात, जणू काम म्हणजे शाप आणि प्रार्थना म्हणजे तेवढं पवित्र.

सार्त्रची सुरी

आता एक दणकट आक्षेप. १९४५ मधे पॅरिसला एका व्याख्यानात फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रने कागद कापायच्या सुरीचं उदाहरण दिलं होतं. सुरी बनवणाऱ्याच्या डोक्यात आधी उपयोग असतो, मग सुरी बनते. देव असेल तर माणूसही तसाच, आधी हेतू, मग माणूस. पण देव नाहीच, म्हणून माणूस आधी जन्मतो आणि आपण कोण ते स्वतः ठरवतो. आजही लोक म्हणतात, माझा उद्देश दुसऱ्याने का ठरवायचा, मी काय हत्यार आहे?

मला हा आक्षेप आवडतो कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे, माणूस सुरी नाहीच. पण ख्रिस्ती श्रद्धा तरी कुठे तसं म्हणते? आईबाप मूल जन्माला घालतात ते कागद कापायला नाही. मुलाने काय शिकावं, कोणतं काम करावं, कुठे राहावं, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं आणि तसंच असायला हवं, तरीही ते कोणाचं तरी आहे ही गोष्ट आधीच ठरलेली असते. "देवाचा माझ्यासाठी प्लॅन काय, ही नोकरी घेऊ की ती" म्हणून रात्र रात्र जागणारी मंडळी मी पाहिलीत, तरुणपणी मीही जागलोय. बायबलमधे त्याचं उत्तर फारसं सापडत नाही. कसा माणूस हो यावर मात्र पानंच्या पानं आहेत.

मग सगळे एवढे अस्वस्थ का?

ऑगस्टिन म्हणून एक जण होता, जन्म ३५४ चा, उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियात ते गाव येतं. हुशार, महत्त्वाकांक्षी, भाषणकला शिकवणारा, करियर करत करत मिलानपर्यंत पोचलेला. तिथे एकदा त्याला सम्राटाच्या स्तुतीचं भाषण द्यायचं होतं, ज्यात बरंचसं खोटं असणार हे त्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यांनाही. त्या टेन्शनमधे रस्त्याने जाताना त्याला एक भिकारी दिसला, प्यायलेला, मजेत हसत खिदळत. ऑगस्टिन सोबतच्या मित्रांना म्हणाला की आपण एवढी ऊरफोड करून जे मिळवू बघतोय ते याने चार नाण्यांत मिळवलं. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता हे त्याला कळत होतं, पण आपला त्याहून खरा आहे असंही म्हणवेना. पुढे ३८७ मधे त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि काही वर्षांनी स्वतःची कहाणी लिहिताना सुरुवातीलाच देवाला म्हणाला, तू आम्हाला तुझ्यासाठी घडवलंस आणि तुझ्यात विसावत नाही तोवर आमचं मन अस्वस्थच राहतं.

भाड्याने गौरव करणारा माणूस होता तो, म्हणून मला ही गोष्ट इथे सांगावीशी वाटली. गौरव करणं त्याला येत होतं, तराजूत चुकीचा माणूस बसला होता. पापासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो, हामार्तिया, त्याच्या मुळाशी नेम चुकण्याचाच अर्थ आहे.

उधळ्या पुत्राचं अर्धवट भाषण

इथे येशू येतो, आणि मला विचाराल तर सगळा विषय लूकच्या शुभवर्तमानातल्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक) १५ व्या अध्यायातल्या एका गोष्टीत मावतो. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन जातो, उडवतो, डुकरं राखायची वेळ येते. मग तो परत यायचं ठरवतो आणि वाटेत म्हणायचं भाषण तयार करतो: बाबा, मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा मी राहिलो नाही, मला तुमच्या एखाद्या नोकरासारखं ठेवा.

घरी पोचल्यावर हेच भाषण पुन्हा येतं पण शेवटचं वाक्य गायब आहे. दोन्ही जागा समोरासमोर ठेवून वाचा. लायकी नाही इथपर्यंत तो बोलतो आणि नोकराचं वाक्य यायच्या आतच बाप अंगरखा आणा, अंगठी आणा सुरू करतो. मुलगा जगण्यासाठी एक पोस्ट मागायला आला होता आणि बापाने ती ऑफर तोंडातून निघूच दिली नाही.

यालाच कृपा म्हणतात, न कमावता मिळालेली मर्जी. पौल इफिसकरांस पत्रात ओळीने सांगतो की तुमचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने झालंय, कर्मांनी नाही, आणि लगेच पुढच्याच वाक्यात की तुम्ही सत्कर्मांसाठी निर्माण झालात. विरोधाभास वाटतो खरा, पण तो सगळा क्रमाचा खेळ आहे. ऑफिसात आधी काम, मग अप्रेझल, मग तुम्ही आमचे. इथे आधी तू माझा, मग चल, फडकं घे.

बरं, सोमवारी सकाळी याचं काय करायचं?

मत्तयच्या शुभवर्तमानात, अध्याय २२ मधे, सर्वात मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशू दोन सांगतो, पूर्ण मनाने देवावर प्रेम कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं. देवाला आपल्या कामाची गरज नाही पण शेजाऱ्याला आहे, म्हणून प्रेमाचा पत्ता तिकडे वळवलेला. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात हाच धागा ओढला, की बोलावणं फक्त मठातल्या साधूला नसतं, शेत नांगरणाऱ्याला आणि बाळाचे कपडे धुणाऱ्या बापालाही असतं.

पॅरिसच्या एका मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा माणूस अनेक वर्षं मुदपाकखान्यात होता आणि भांड्यांच्या खणखणाटात आपण देवाजवळ तेवढेच असतो जेवढे प्रार्थनेच्या वेळी, असं तो सांगायचा. बाख हा संगीतकार आपल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी तीन अक्षरं लिहायचा, एस. डी. जी., म्हणजे लॅटिनमधे "गौरव फक्त देवाला". खुद्द येशू लूकच्या सांगण्यानुसार साधारण तिशीत लोकांपुढे आला, त्याआधीचा बहुतेक काळ नासरेथसारख्या आडगावात, सुताराच्या घरात. त्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळपास गप्प आहेत, पण ती वाया गेली असं कोणी ख्रिस्ती म्हणत नाही.

म्हणजे मोक्षच की, दुसऱ्या नावाने?

जवळ जाणारं आहे पण तेच नाही. ख्रिस्ती आशा शरीरातून सुटण्याची नाही, शरीरासकट पुन्हा उठण्याची आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २१ मधे, माणसं वर उडून जात नाहीत, नगर खाली येतं, नवं आकाश आणि नवी पृथ्वी, आणि देव माणसांमधे राहायला येतो. ढगांवर बसून वीणा वाजवायची ही कल्पना चित्रांनी रुजवली. शिवाय देवाशी एकरूप होणं म्हणजे थेंब समुद्रात विरघळणं असं इथे मानत नाहीत. जुने धर्मपिते लोखंड आणि विस्तवाची उपमा वापरायचे, लोखंड लाल होतं, तापतं, विस्तवासारखं चमकतं, पण राहतं लोखंडच. प्रेमाला दोघं लागतात, एवढंच.

आणि जे मानतच नाहीत ते?

यावर ख्रिस्ती मंडळींचं एकमत नाही. काही पंथ विश्वासाशिवाय तारण नाही यावर ठाम आहेत. कॅथलिक चर्चने १९६४ मधे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त माहीत नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून चालतात त्यांनाही तारण मिळू शकतं. मला दुसरं जास्त पटतं. पण प्रतिरूपाची गोष्ट मात्र विश्वास ठेवणाऱ्यांपुरती कधीच नव्हती, ती सगळ्यांचीच.

आणि ते काका

आता तो दुसरा प्रश्न. उद्देश म्हणजे उपयोग असं धरलं तर काकांचा उद्देश चार वर्षांपूर्वीच संपला, हे क्रूर वाटलं तरी हिशोब तोच येतो. पण प्रतिरूप हे काही कौशल्य नाही की विसरायला झालं म्हणून गेलं. आणि मत्तय २५ मधे येशू शेवटच्या न्यायाचं जे चित्र काढतो त्यात तो म्हणतो मी भुकेला होतो, तहानलेला होतो, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात. आपण ते वाचताना सेवा करणाऱ्याकडे बघतो. येशू तिथे अंथरुणावर आहे. काकांचा मुलगा चार वर्षं ज्याचं अंग पुसत होता त्याच्या जागी.

अजून एक आहे, आणि हे मला त्या रात्री सुचलं. मित्र म्हणाला होता, अंथरुणाला खिळून. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाची वेळ आली तेव्हा म्हणतो की मनुष्याच्या पुत्राचा (म्हणजे त्याचा स्वतःचा) गौरव व्हायची वेळ आली आहे. म्हणजे जेव्हा हात हलवता येणार नव्हते, कोणाला बरं करता येणार नव्हतं, क्रुसावर खऱ्या अर्थाने खिळलेला असणार होता, तेव्हा. ख्रिस्ती श्रद्धेने गौरव हा शब्द तिथे नेऊन ठेवलाय.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता, मग म्हणाला, ते ठीक आहे, पण चार वर्षं का? चार महिने का नाही? मी म्हटलं ईयोबाचं पुस्तक ४२ अध्यायांचं आहे, त्यात चांगल्या माणसाचं सगळं जातं, मित्र येऊन त्याला कारणं समजावतात, शेवटी देव वादळातून बोलतो आणि त्या समजावणाऱ्या मित्रांनाच रागावतो, पण का ते ईयोबाला सांगत नाही.

म्हणजे माहीत नाही असं सरळ म्हण ना, तो म्हणाला.

हो, नाही माहीत.